ऋता, अनय आणि मंडळाचा पडदा

मित्रांनो, नाटक सुरू होण्याआधी तुम्ही ज्याच्याकडे टक लावून बसता आणि सुरू झालं की ज्याला विसरून जाता, तो मी. मी पडदा आहे. उज्जैनच्या माधव नगरात आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे, तिथे नाटकाच्या वेळी मला टांगतात. एके काळी माझी मखमल डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल होती. आता घड्यांच्या जागी ती विटली आहे. खालचा काठ उंदरांनी कुरतडला आहे. मी जुना झालो आहे.

माझं कापड टावर चौकातल्या एका दुकानातून आलं. मंडळातल्या बायकांनी मला हॉलच्या फरशीवर पसरलं आणि आठवडाभर बसून शिवलं. सगळ्यात लांब शिवण विनोदिनीकाकूंनी घातली. त्यांचा लहानगा अनय माझ्याखाली शिरून लपायचा आणि सुईची भीती दाखवली तरी बाहेर यायचा नाही. पुढे दर गणेशोत्सवात माझ्यामागे नाटक उभं राहू लागलं. बँकेतून निवृत्त झालेले बापू नाटक बसवायचे. दोरी ओढणाऱ्याला ते बजावायचे, "सावकाश रे. पडदा धाडकन पडला तर लोकांना वाटतं, काहीतरी बिघडलं." पाहुणे माझ्या काठावर हात फिरवून म्हणायचे की असा पडदा इंदूरलाही नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

अनय सोळा वर्षांचा झाला, तेव्हा मंडळात ऋता आली. तिच्या वडिलांची रेल्वेतून इथे बदली झाली होती. आई प्रतिभाताई शाळेत गणित शिकवायच्या. ऋता नाशिकची. अनयचं मराठी ऐकून ती सुरुवातीला हसायची.

"तू रस्सी म्हणतोस, दोरी का नाही म्हणत?"

"आमच्याकडे रस्सीच आहे. दोरी तुझ्या नाशिकला राहिली," अनय म्हणायचा.

त्या वर्षीच्या नाटकात दोघांनाही काम होतं. आपला प्रवेश येईपर्यंत ती दोघं माझ्याआड उभी राहायची. कागदाच्या पुडीतली शेव खायची, कुजबुजायची. ऋता वाक्य विसरली की अनय ओठ हलवून तिला आठवण करून द्यायचा. एकदा त्याने तिचा हात धरला, आणि प्रवेशाची वेळ झाली तरी दोघांना समजलं नाही. बापूंनी हाक मारल्यावर तो इतक्या घाईने रंगमंचावर गेला की चप्पल काढायची विसरला. मुलं हसली. ऋताही हसली. ते दिवस चांगले होते.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. दुसऱ्या अंकात अनय बोलता बोलता थांबला. त्याची नजर एका जागी खिळली, मग तो ताठ होऊन कोसळला आणि त्याचं सगळं अंग झटके देऊ लागलं. ऋता त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. ती मागे सरली. दोरीवरचा मुलगा घाबरून नुसता उभा राहिला, त्यामुळे मी उघडाच होतो आणि सगळ्या हॉलला सगळं दिसत होतं. कुणी चामड्याचा जोडा घेऊन धावलं, कुणी कांदा मागितला, कुणी त्याचे दात उघडायला चमचा आणला. पुढच्या रांगेत कुणीतरी मोबाइल वर धरला. विनोदिनीकाकू लोकांना बाजूला सारत आल्या आणि त्यांनी मुलाला कुशीवर वळवलं. "काही करू नका. नुसती हवा येऊ द्या," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

तो शुद्धीवर आला तेव्हा त्याची पँट ओली झाली होती. त्याने आधी आईकडे पाहिलं नाही, ऋताकडे पाहिलं.

त्याच संध्याकाळी विंगेत प्रतिभाताईंनी ऋताला बाजूला घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. "हे दुखणं आयुष्यभराचं असतं बाळा. आज तुला दया येईल, उद्या ओझं वाटेल. आत्ताच बाजूला हो, म्हणजे त्यालाही कमी लागेल," त्या म्हणाल्या. ऋता मान खाली घालून ऐकत राहिली.

तो मोबाइलवरचा व्हिडिओ शाळेभर फिरला. काही दिवसांनी अनय आपले नाटकाचे कपडे न्यायला हॉलमध्ये आला. योगायोगाने ऋताही तिथे होती.

"तू मला ब्लॉक केलंस?" त्याने विचारलं.

"आई म्हणते..."

"आई काय म्हणते ते मला माहीत आहे. तू काय म्हणतेस?"

अनयने थोडी वाट पाहिली. मग कपड्यांची घडी काखोटीला मारून तो म्हणाला, "ठीक आहे, चलतो," आणि गेला.

नंतर दोन वर्षं मंडळात नाटक झालं नाही. हॉलमध्ये हळदीकुंकू झालं, रक्तदाबाची तपासणी झाली, कुणाच्या मुलीचं केळवण झालं. मला कुणी उलगडलं नाही. मला एका कोपऱ्यात गुंडाळून सुतळीने बांधून ठेवलं होतं. धुळीने माझा रंग गेला आणि उंदीर आले ते तेव्हाच.

गेल्या उन्हाळ्यात बापूंनी मला उलगडलं. त्यांना पुन्हा नाटक करायचं होतं. एका शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीची गोष्ट त्यांनी निवडली होती. घाटावरच्या पुजाऱ्याची मुलगी असते आणि गावात बदलून आलेला तारमास्तर असतो. मुलीचं त्याच्यावर प्रेम असतं, पण वडीलधाऱ्यांच्या धाकाने ती त्याचा निरोप न वाचता परत पाठवते. तो निघून जातो आणि काही वर्षांनी परत येतो. बापूंना ही गोष्ट आजच्या उज्जैनमध्ये आणायची होती. त्यांनी मुलांनाच विचारलं, "तार तर गेली. मग आजची मुलगी काय करेल?"

"ब्लॉक करेल," एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. ऋता हसली नाही. मुलीचं काम तिलाच मिळालं होतं.

तारमास्तर आता मोबाइल टॉवरवर काम करणारा तरुण झाला होता. त्या कामासाठी बापू अनयच्या घरी गेले. तो आला, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभा राहून बोलला. "मला फिट येऊ शकते. इंदूरच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, सव्वा वर्षात एकदाही आलेली नाही. तरी सांगून ठेवतो. आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. आणि ज्याला व्हिडिओ काढायचा असेल त्याने जुनाच बघावा, तो चांगला आलाय." कुणालाच हसावं की नाही ते समजेना.

तालमीत ती दोघं एकमेकांशी फक्त नाटकातलं बोलायची. एका संध्याकाळी मुलं पोहे खायला गेली, तेव्हा ऋता माझ्याआड त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी मी मागे सरले होते. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मला तुझी भीती वाटली होती. आणि मग आईने सांगितलं ते ऐकणं सोपं होतं. मी सोपं ते केलं. मला माफ कर असं म्हणत नाही मी. मला फक्त हे तुला सांगायचं होतं."

अनय माझ्या एका घडीशी चाळा करू लागला. "दोन साल मी विचार केला की तू असं काही बोललीस तर काय जवाब द्यायचा," तो म्हणाला. "चांगले चांगले जवाब होते यार. आता एकही आठवत नाही."

त्यानंतर ती दोघं तालीम संपल्यावर सोबत निघू लागली. प्रतिभाताईंच्या कानावर हे गेलं. त्या ऋताला न्यायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "तू पस्तावशील."

"पस्तावून झालंय माझं, आई," ऋता म्हणाली. "आता मी कुणाचं ऐकणार नाही." प्रतिभाताई एकट्याच परत गेल्या.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपली असती तर मला किती बरं वाटलं असतं.

गोळ्यांमुळे अनयला गुंगी यायची. त्याला वाक्यं आठवत नसत. लांब भाषणात तो अडखळायचा आणि बापू धीराने म्हणायचे, "पुन्हा घे." प्रयोग जवळ आला तसा तो गप्प होत गेला. लोकांना पुन्हा त्याच्याकडे बघून चुकचुकायची संधी मिळेल, हे त्याला सहन होत नव्हतं. आणि मग एका आठवड्यात तो एकदम बदलला. सगळी भाषणं धडाधड येऊ लागली. डोळ्यांत चमक आली. बापूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ऋता मात्र त्याला माझ्याआड घेऊन गेली.

"अनय, तू गोळी घेतोस ना?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "थोडे दिवस बंद केलीय. शो होईपर्यंत."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं तर ते नाहीच म्हणतील. मी ठीक आहे, बघतेस ना तू? डोकं किती साफ वाटतंय, तुला सांगू शकत नाही."

"मी काकूंना सांगते."

"नको." त्याने तिचं मनगट धरलं. "गेल्या वेळी तू सगळ्यांचं ऐकलंस ऋता. या वेळी एकदा माझं ऐक. इतनी सी बात आहे. सांगितलंस तर मी या हॉलमध्ये परत येणार नाही, आणि तुझ्याशीही बोलणार नाही."

ऋताचे डोळे भरून आले. एकदा गमावलेला मुलगा तिला परत मिळाला होता. तिने सांगणार नाही म्हणून मान हलवली.

रंगीत तालमीच्या दिवशी सकाळपासून मला इस्त्री चालली होती. सगळे आले, अनय आला नाही. बापूंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि ऐकता ऐकता ते पायरीवर बसले. अनय आंघोळीला गेला होता. आतून कडी लावलेली होती. विनोदिनीकाकूंनी खूप वेळ हाका मारल्या, मग शेजाऱ्यांनी दार तोडलं. झटका येऊन त्याचं डोकं नळावर आपटलं होतं आणि तोंड साचलेल्या पाण्यात होतं.

बापूंनी हे एका दमात सांगितलं. कुणीतरी रडू लागलं. ऋता रडली नाही. ती चेहऱ्याला रंग लावून बसली होती, तो तिने पुसलाही नाही. ती तशीच रस्त्यावर गेली.

प्रयोग रद्द झाला. तेराव्यानंतर हॉलमध्ये शोकसभा झाली. माझ्यासमोर टेबल मांडून त्यावर अनयचा फोटो ठेवला होता. लोक बोलले, मुलगा गुणी होता म्हणाले, देवाची मर्जी म्हणाले. मग खुर्च्या रिकाम्या झाल्या. विनोदिनीकाकू, बापू आणि ऋता एवढेच राहिले. प्रतिभाताई दारात उभ्या होत्या.

ऋता काकूंच्या पायाशी बसली. "काकू, त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मला सोडून गेला असता."

मला वाटलं, काकू तिला मारतील. काकू फोटोकडे बघत राहिल्या.

"मलाही माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पाकिटात गोळ्या उरत होत्या. मी रोज बघायचे. पण तो घरात गाणं म्हणत फिरत होता ग. दोन साल त्याने तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, नाटक होऊन जाऊ दे, मग बोलू."

बापूंनी चष्मा काढला. "पाठांतर एकाएकी कसं सुधारलं, हे मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मी खूश झालो."

प्रतिभाताई दारातून आत आल्या नाहीत आणि निघूनही गेल्या नाहीत. ऋताने हात पुढे केला, पण काकूंनी तो धरला नाही. त्यांनी तो झटकलाही नाही. मग काकूही खुर्चीवरून खाली उतरल्या आणि त्या दोघी फरशीवर एकमेकींशेजारी बसून राहिल्या.

ऋता आता भोपाळला शिकते. सुट्टीत आली की काकूंकडे जाते असं मी ऐकलं आहे. दोघी काय बोलतात ते मला माहीत नाही. मला पुन्हा गुंडाळून ठेवलं आहे.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझी धूळ झटका, असं मी तुमच्याकडे मागणार होतो. पण माझ्यासारखं कापड फाटलं तर नवं आणता येतं. मला दुसरंच मागायचं आहे. तुमचा मित्र औषध टाळत असेल, दुखणं लपवत असेल आणि कुणाला सांगू नकोस अशी शपथ घालत असेल, तर ती शपथ मोडा. त्याच्या आईला सांगा, मास्तरांना सांगा, जो भेटेल त्या मोठ्या माणसाला सांगा. तो चिडेल. तुम्हाला दगाबाज म्हणेल. कदाचित वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही. चिडू द्या त्याला. चिडायला तो असला पाहिजे.