श्वास रोखा

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजून भालचंद्ररावांच्या दंडावरचा पट्टा काढला, पण त्याचा आवळ सुटला नाही. तो त्यांच्याबरोबर रिक्षातून घरी आला आणि संध्याकाळपर्यंत घराला लागला. बाहेरची खोली वीतभर आत आली. सोफा कपाटाला जाऊन टेकला आणि टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवावा लागला. कमलिनीबाईंनी शिवणाच्या टेपने मोजून पाहिलं. अकरा फुटांची खोली सव्वादहा भरली.

"तुमचं वाढलं की घर आवळतं," त्या म्हणाल्या.

"मग तू विचार करू नकोस. तुझ्या विचारानंच माझं वाढतं."

सत्तेचाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या माणसाचं हे असं. दोष द्यायला बायको हाताशी लागायचीच.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली होती, मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि रोज सकाळी ताडासन करायचं म्हणाल्या होत्या. पाय जुळवून ताठ उभं राहायचं, हात वर न्यायचे, टाचा हळूच उचलायच्या. "श्वास मात्र चालू ठेवायचा. कोंडायचा नाही." हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. भालचंद्ररावांनी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. कमलिनीबाईंच्या मात्र ते पक्कं लक्षात राहिलं.

पहिल्या सकाळी भालचंद्रराव खोलीच्या मधोमध उभे राहिले. सहा श्वास झाले आणि भिंती निमूटपणे मागे सरकल्या. कपाटामागे गेल्या दिवाळीत पडलेला कंगवा मिळाला. चार दिवस असंच चाललं. सकाळी घर मोकळं व्हायचं, संध्याकाळी चार बोटं आवळायचं. तेवढ्याने कुणाचं काही अडत नव्हतं. कमलिनीबाईंना पुन्हा झोप लागायला लागली.

पण आपलं आपण केलेलं काही बरोबर असेल, यावर भालचंद्ररावांचा विश्वास नव्हता. पाचव्या दिवशी त्यांनी जगदाळे सरांना बोलावून आणलं.

जगदाळे सर गावच्या शाळेत कवायत शिकवायचे. आता वय शहाऐंशी. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांची एक खोड साऱ्या गावाला ठाऊक आहे. सरांची आज्ञा झाल्याशिवाय ती हलत नाहीत. एका पंधरा ऑगस्टला 'आराम' म्हणायच्या आधीच सरांना कुणीतरी चहाला नेलं, तर अख्खी सातवी दुपारपर्यंत उन्हात दक्ष उभी होती. दोघं भोवळ येऊन पडले, तेही दक्षमध्येच. ही मुलं आता आजोबा झालीत आणि अजून हे कौतुकाने सांगतात. भालचंद्रराव त्या रांगेत तिसरे होते.

सर खुर्चीत बसले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"भाल्या, पाय जुळव."

"हो सर."

"श्वास घ्या." माणूस एकच होता, पण आज्ञा पन्नासांच्या वर्गाला होती. "हात वर. टाचा वर. श्वास रोखा."

"सर, रोखायचा नाही," कमलिनीबाई पुढे होऊन म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"सूनबाई, वर्ग चालू असताना बोलू नये."

सरांनी डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजायला घेतले. पाचपर्यंत त्यांचं बोट काठीवर हललं. मग हललं नाही. मान छातीवर आली आणि बारीक घोरणं ऐकू यायला लागलं.

कपाट फरशीवर करकरलं. दोन्हीकडच्या भिंती आत येत होत्या.

"अहो, सोडा श्वास."

भालचंद्ररावांनी डोळ्यांनीच सरांकडे दाखवलं.

"सर झोपलेत. सोडा म्हणते ना."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तीसुद्धा जेमतेम, आसन मोडू नये इतपत.

कमलिनीबाईंनी सरांचा खांदा हलवला. घोरणं थांबलं, कूस बदलल्यासारखं झालं, पुन्हा सुरू झालं. खोली आता सात फुटांची होती. सोफा मधोमध मोडून उभा झाला होता आणि दाराची चौकट इतकी अरुंद की त्यातून मांजरच काय ते गेलं असतं. भालचंद्ररावांचा चेहरा बिटासारखा झाला होता. कपाळावरची शीर करंगळीएवढी फुगली होती.

कमलिनीबाई घाबरल्या. त्याहून जास्त त्यांना राग आला. आयुष्यभर आपलं एक अक्षर या माणसाने ऐकलं नाही, आणि आता मरेल तरी ऐकणार नाही. त्यांनी नवऱ्याच्या काखेत गुदगुल्या केल्या. तिथे बोट लागलं की हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा खिदळतो, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. भालचंद्ररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ मिटलेलेच राहिले.

मग त्यांनी आवाज जाड केला आणि शाळेच्या मैदानावर ऐकू जाईल असं म्हटलं, "श्वास सोडा."

भालचंद्ररावांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हललं नव्हतं.

भिंतीने खुर्ची पाठीमागून ढकलत आणली. सरांचे गुडघे मधे उभ्या कमलिनीबाईंना लागले, तेव्हा सर जागे झाले. कमलिनीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना मधे उभं राहायला आता हातभरच जागा उरली होती आणि नवऱ्याच्या छातीतले ठोके त्यांच्या पाठीला लागत होते.

"सर, लवकर सांगा. सोड म्हणा त्यांना."

सरांनी आधी पायांकडे पाहिलं. नुसते पायच, चेहऱ्याकडे नाही.

"भाल्या, डावी टाच खाली आलीय," ते म्हणाले. "चालायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून. श्वास—"

कमलिनीबाईंनी सरांच्या तोंडावर हात दाबला.

असं त्या शाळेत आजवर कुणी केलं नव्हतं. सरांचे डोळे विस्फारले. कमलिनीबाईंच्या तळहाताखाली सरांचे ओठ हलले, एकदा आणि मग पुन्हा एकदा, गरम आणि ठाम. आज्ञा देऊन झाली होती, पण ती कुणाला ऐकू आली नव्हती. भालचंद्रराव छाती भरून, टाचा उंचावून, त्या हाताकडे पाहत उभे होते.