एक म्हणजे रात्र की दिवस?

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, संगणकाला दिलेल्या सूचनांची. घरातला स्मार्ट वीजमीटर आकड्यांची सतत बडबड करत असतो. ती माणसाला समजेल अशी करून सांगणे, हे माझे काम. मी कुणा एकाच्या मालकीची नाही. कोणीही मला फुकट घ्यावे, वापरावे, चुकले तर सुधारावे.

माझा जन्म नेदरलँड्समधल्या लेउवार्डन गावचा. दाराजवळच्या मीटरच्या कपाटापाशी, ओल्या छत्र्या आणि बुटांच्या गर्दीत मांडी घालून सित्स्केने मला लिहिले. पुढे गावोगावचे लोक मला नेऊ लागले. कुणाचे काही अडले की ते तिला कळवत आणि ती कॉफीबरोबर एकच बिस्कीट खाऊन मला दुरुस्त करायला बसे. फार लाडाचे दिवस होते ते.

मग व्लुग आली. डच भाषेत व्लुग म्हणजे चपळ. सित्स्केनेच लिहिलेली नवी लायब्ररी! जो तो तिचेच गोडवे गाऊ लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. पण दहावा दिवस काही उजाडेना.

सित्स्केचा नवरा येल्मर एकदा म्हणालाच, "अगं, ती जुनी बंद कर की! दोघींना सांभाळता सांभाळता तुझा जीव जाईल."

"करते रे शनिवारी," ती म्हणाली.

बंद म्हणजे कुलूप. लोकांनी मला नुसते पाहायचे. माझी दुरुस्ती कायमची थांबणार.

शनिवारी ती कुलूप लावणार, तेवढ्यात बेल्जियममधल्या गेंटहून लीवेनचा फोन आला. हा बेकरीवाला माझा जुना चाहता. नुकताच व्लुगकडे गेलेला.

"काय गं बाई, तुझी ही नवी राणी माझी पावाची गाडी भर दिवसा चार्ज करतेय! महाग वीज, आणि वर मलाच सांगते, स्वस्त आहे म्हणून!"

"शक्यच नाही. मीटरने 'एक' हा आकडा दाखवला म्हणजे रात्रीचा स्वस्त दर."

"तुमच्याकडे! आमच्याकडे एक म्हणजे दिवस. तुम्हा डच लोकांना कुंपणापलीकडे जग आहे हे कळणार कधी? जुनीला बरोबर ठाऊक होतं!"

मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घ्या म्हणावे, चपळ ना ती? दिवस-रात्रही कळत नाही! आता सित्स्के माझ्याकडेच परतणार.

ती आलीही. बेल्जियमचा मीटर असेल तर एक म्हणजे दिवस, ही माझ्यातली ओळ तिने शोधली, उचलली आणि व्लुगमध्ये नेऊन ठेवली. लीवेनची गाडी पुन्हा रात्री चार्ज होऊ लागली. "बरं झालं हिला आधीच बंद नाही केलं," सित्स्के येल्मरला म्हणाली, आणि तिने मला कुलूप लावले.

त्या ओळीशेजारी तिने लिहिले आहे, "ही थोरलीची शिकवण." वाचून क्षणभर गहिवरले. मग पोटात दुखलेच. माझे कौतुक, आणि तेही व्लुगच्या घरी!

मित्रांनो, फुकट राबणाऱ्याला शाबासकी द्यायचीच असेल, तर त्याचे दार उघडे असताना द्या.