पुसलेली भारंगी

मंगलच्या हाताला साफसफाईचं वेडच होतं. तुंगार्लीतल्या बंगल्यांची झाडलोट करून ती वाडीवर परतायची आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या पुन्हा केरसुणी उचलायची. दसरा जवळ आला की मग विचारायलाच नको. गोधड्या, डबे, मडकी, सगळं अंगणात निघायचं. यंदा त्या तडाख्यात कॉम्प्युटरही सापडला.

तो एका बंगल्यावरूनच आलेला. मालकांनी नवा घेतला आणि जुना मंगलच्या लेकीला, हर्षदाला दिला. हर्षदा पुण्यात एम.ए. करत होती. पावसाळाभर ती सुट्टीला आली की आजीला घेऊन डोंगरात जायची आणि रानभाज्यांचे व्हिडिओ काढायची. आजी म्हणजे सावित्राबाई, मंगलची सासू. भाजी कुठं उगवते, कशी निवडायची, कशी शिजवायची, ते सावित्राबाई मोबाइलसमोर सांगायची आणि हर्षदा सगळं कॉम्प्युटरवर ठेवायची. दिवाळीनंतर हाच तिचा प्रकल्प कॉलेजात द्यायचा होता.

खंडेनवमीला विळा, कोयता, कुदळीच्या रांगेत कॉम्प्युटरही पुजायचा ठरला. पुजायची वस्तू लख्ख हवी. मंगलने त्याची धूळ पुसली, मग तो चालू केला, तर पडद्यावर हा पसारा! नको असेल ते कचऱ्याच्या डब्यात कसं ढकलायचं हे हर्षदानेच तिला शिकवलेलं. आकड्यांची नावं असलेले ते सगळे चौकोन तिने डब्यात ढकलले. सणाला घरात कचरा ठेवायचा नसतो, म्हणून डबाही रिकामा केला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली.

दसरा उलटल्यावर हर्षदाने माळ काढून कॉम्प्युटर उघडला, तर त्यात एकही व्हिडिओ नव्हता. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून तिथलं सगळं तिने आधीच काढून टाकलेलं. आता भाज्या पुढच्या पावसाशिवाय उगवणार नव्हत्या. ती आईला एका शब्दाने बोलली नाही, आणि मंगलला तेच जास्त लागलं. तिची कसर सावित्राबाईने भरून काढली.

"बंगलं झाडून झाडून डोकं बी झाडलंस व्हय गं," ती म्हणाली. वीस वर्षांत सासूच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द ऐकला नव्हता, तेव्हा मंगलला यात नवं काही वाटलं नाही. पण लेकीचं वर्ष आपल्या हाताने गेलं, हे मात्र तिला सोसवेना.

मायलेकी कॉम्प्युटर घेऊन कामशेतला तौसिफच्या दुकानात गेल्या. त्याने कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, आत हळदकुंकू पाहिलं आणि हसू दाबलं. मग त्याने एकच विचारलं, पुसल्यावर यात नवीन काही भरलं का?

मंगल म्हणाली, नाही. तिचा नवरा लखन पेनड्राइव्हमधली गाणी भरायला बसला होता, पण पुजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, असा सावित्राबाईचा दंडक. तिने त्याला हाकलून लावलं होतं.

"मग आजीनं वाचवलं तुम्हाला, मावशी," तौसिफ म्हणाला. "पुसलं म्हणजे जात नाही. दारावरची पाटी तेवढी निघते, माणूस घरातच असतो. दुसरं बिऱ्हाड आलं असतं, तर मात्र गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं परत आणून दिलं, फक्त सगळ्याची नावं गेली होती. कशात काय आहे ते उघडूनच बघावं लागणार होतं. मंगलला इतका आनंद झाला की तिने दुकानातच लेकीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दुपारी सगळं घर कॉम्प्युटरसमोर बसलं. टाकळा निघाला, कुर्डू निघाली, चाईचा वेल निघाला. प्रत्येक वेळी मंगलचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. मग भारंगी आली. पडद्यावरची सावित्राबाई भारंगीच्या झुडपापाशी उकिडवी बसून बोलत होती.

"लय कडू असती. माज्या हातची कदी जमलीच न्हाई. माजी सून करती ती खरी भारंगी. हर्षे, तुज्या आईवानी बाई ह्या घरात आली न्हाई. मी बी न्हाई तिच्यावानी." मग तिने मोबाइलकडे बोट केलं. "ह्ये पूस बरं का. तिनं आयकलं तर डोक्यावर बसंल."

लखनने हळूच आईकडे पाहिलं. सावित्राबाई कानापर्यंत लाल झाली होती.

"ह्ये पुसाया सांगितलं व्हतं ना मी?"

"पुसलं होतं गं आजी, सगळ्यात शेवटी कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हाच," हर्षदा म्हणाली. "तौसिफदादाने पुसलेलं सगळंच परत आणलं."

मंगलच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू एकदमच बाहेर पडलं. वीस वर्षांची थकबाकी एका झटक्यात मिळाली होती, आणि तीही साऱ्या घरादेखत.

"बघत काय बसलीस? चा ठेव," सावित्राबाई गुरकावली.

"ठेवते आत्या," म्हणत मंगल उठली. चुलीपाशी जाऊन तिने आधण ठेवलं आणि तिथूनच हाक दिली, "हर्षे, ती भारंगी परत लाव. आन् आवाज वाढीव, मला हितं ऐकू आला पायजे."