विमलाची राहिलेली फुगडी

डॉक्टर योगिताने एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली. कोपराच्या वर, दंडाच्या हाडात, एक चीर वळत वळत गेली होती, भोपळीच्या वेलीसारखी. हाडाच्या आत कृत्रिम सांध्याचा दांडा होता, त्याच्याभोवती सिमेंट. आणि सिमेंट व हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ.

चीर गणेशचवथीला पडल्याची होती. रेघ कधीची, ते फिल्म सांगत नव्हती.

पलीकडच्या खाटेवर कमलाक्षी बसली होती. हळर्णची, सत्तरी ओलांडलेली. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. चार वर्षांपूर्वी उजव्या कोपराचा सांधा बदलल्यावर ती पुन्हा आपल्या हाताने जेवू लागली होती, वेणी घालू लागली होती.

"मावशे, पडच्याआधी हात दुखत होतो?" योगिताने विचारलं.

"नाय."

या उत्तरावर सगळं ठरणार होतं. दांडा घट्ट असेल तर धातूची पट्टी आणि तारा लावून काम भागलं असतं. सैल असेल तर जुनं सगळं काढून चिरेच्या पलीकडे पोचणारा लांब दांडा घालावा लागणार होता. सैल दांड्यावर पट्टी बसवली तर हाड पुन्हा फुटलं असतं, आणि औषधांनी पापडासारखं झालेलं ते हाड तिसऱ्यांदा धरायला काही उरलं नसतं.

"थोडोसो पण नाय? उचलताना? वळवताना?"

"दुखणा नाय ता. ती ओढता."

"कोण?"

कमलाक्षीने सुनेकडे पाहिलं. गंगाने पदर सारखा केला. "तिची जाव. विमलाकाकी. गोवा राज्य झाला त्या वर्सा गेली."

मग गंगानेच सगळं सांगितलं. दोघी जावा दर चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली फुगडी घालायच्या. सगळ्या वाड्यातल्या बायका दमायच्या, पण या दोघी थांबायच्या नाहीत. शेवटच्या चवथीला विमला तापाने निजून होती. "फुगडी रवली गो," म्हणाली, आणि गेली. गेल्या शिगम्यापासून, होळीपासून, कमलाक्षीचा उजवा हात दुपारी कुणीतरी ओढू लागलं. घरच्यांनी देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून कौल लावला. गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. तिची राहिलेली फुगडी देऊन टाका, असा अर्थ सगळ्यांनी घेतला.

"आणि दिलीत?"

"दिली. चवथीक, दुपारची आरती झाल्यार. माझ्यावांगडा फुगडी घालताना ती पडली."

शिगम्यापासून. म्हणजे सहा महिने दांडा हाडात हलत होता. योगिताला हवं होतं ते मिळालं. तिने तसं सांगितलं, शक्य तितकं हळू. सांधा सैल झाला की असंच होतं. आतून ओढल्यासारखं वाटतं.

कमलाक्षीने फिल्मकडे पाहिलं. "म्हणजे विमला येवक नाय?"

योगिता गंगाकडे वळली. "फुगडीत तिचो हो हात तुम्ही घट्ट धरललो? चीर वळत गेल्या, म्हणून विचारतंय. हात एका बाजून पकडून धरल्याबगर हाड असा पिळणा नाय."

"मी?" गंगाचा आवाज चढला. "ऑपरेशनचो हात मी कशी धरतलंय? मी डावोच धरललंय. उजवो तिनाच लांब केललो, भायर."

"पडताना टेकलो असतलो."

"डाव्या कुशीर पडली ती, डॉक्टर. सगळ्यांनी बघलाहा."

योगिताने फिल्म उतरवून पाकिटात घातली.

शस्त्रक्रियेला सकाळी सुरुवात झाली. भूल चढली होती, दंड उघडला होता, नस बाजूला घेऊन सांभाळली होती. सिमेंटची कड मोकळी करताना दंडाचा खालचा तुकडा पुढे सरकला.

"सुधीर, हात ओढू नकोस."

समोर मदतीला उभ्या असलेल्या सुधीरने दोन्ही हात वर करून दाखवले. हातमोजे कोरडे होते. "मॅडम, मी धरलेलाच नाही."

कमलाक्षीचा पंजा गादीवर उताणा पडला होता. तुकडा पुन्हा सरकला, थोडासा, एकाच दिशेने. स्नायूंचा ताण, योगिताने मनात म्हटलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरना स्नायू सैल आहेत का ते विचारलं. पूर्ण सैल आहेत, ते म्हणाले.

तिने चिमट्याने दांडा धरला. ठोकावं लागलं नाही. तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला, आणि सरकणं थांबलं. मग तिने लांब दांडा बसवला, चिरेभोवती तारा आवळल्या, प्रत्येक तार दोनदा तपासली.

जखमेची पट्टी बदलायला योगिता आली तेव्हा कमलाक्षी जागी होती. हात उशीवर होता. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं.

"बोटां हलवून दाखय."

वाकडी बोटं हलली. पाचही. योगिताला हायसं वाटलं. ही बाई पुन्हा आपल्या हाताने जेवणार होती.

"दुखता, मावशे?"

"दुखता," कमलाक्षी म्हणाली. तिने तळवा उघडला, थोडा वेळ तसाच उघडा ठेवला, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "आता नुसता दुखता."