मथुराच्या कुणग्यातल्या सुरळ्या

मथुराच्या भाताच्या कुणग्यात, त्या लहानशा खाचरात, पानं पांढरी पडायला लागली तेव्हा लावणी होऊन तीनच आठवडे झाले होते. तळ्याकाठचे नखाएवढे पांढरे पतंग मेरेवर, शेताच्या बांधावर, बसलेले तिने पाहिले होते. आता त्यांच्या अळ्या पानांची टोकं कातरून, त्यांच्या सुरळ्या करून आत राहत होत्या. शेकडो सुरळ्या पाण्यावर तरंगत होत्या.

खालचा कुणगा तिच्या चुलत दिराचा, गुरुदासचा. तो सकाळीच मेरेवर येऊन उभा राहिला.

"वयनी, तुझे किडे पाण्याबरोबर माझ्या शेतात येतत. आजच औषध मार."

"मी औषध मारूचंय नाय. ह्या पाणी फुडे तळ्यात जाता. थंय म्हशी पाणी पितत. तुझी पण, नि माझी पण."

"मगे मीच पंप घेवन येतंय."

"माझ्या शेतात पाय ठेवन बघ."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी तो तिथून निघून गेला.

मथुराने पाण्याच्या वाटेवर जुनं लुगडं आडवं बांधलं आणि मेर फोडली. पाणी गाळून खाली जाऊ लागलं, सुरळ्या लुगड्यात अडकल्या. पण रोपांवर चिकटलेल्या सुरळ्या पाडायला शेंड्यांवरून दोर ओढत न्यायचा होता, आणि त्याला दोन माणसं लागतात. नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत करत होती. तिने एक टोक खुंटीला बांधून पाहिलं. दोर चिखलात लोळला.

"बाय, ता टोक माका दी."

गुरुदासची बायको लीला चिखलात उतरली होती.

"घोव काय म्हणतलो तुझो?" मथुराने गुरुदासच्या घराकडे बघत विचारलं.

"म्हणांदे. त्या म्हशीचा दूध माझी पोरा पितत."

दोघी दुपारपर्यंत दोर ओढत फिरल्या. पाडलेल्या सुरळ्या टोपलीत भरून त्यांनी खड्ड्यात पुरल्या. गुरुदासने घराकडून हाक मारली तेव्हा लीला वळलीही नाही.

"चुलीर पेज आसा," ती म्हणाली. "वाढून घेवा."

तो आत गेला.

मथुराच्या कुणग्याचा तळ्याकडचा एक कोपरा त्या हंगामापुरता गेला, तिथे काहीच पिकलं नाही. बाकीच्या भाताला पंधरा दिवसांत नवी हिरवी पानं फुटली. गुरुदास गणेशचतुर्थीपर्यंत मथुराशी बोलला नाही. तीही आपणहून बोलायला गेली नाही.