इंचाला तीस रेघा

अर्डिसने पिस्तुलाची नळी भिंतीकडे वळवली, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं आणि वरचा भाग मागे ओढून आत डोकावलं. रिकामं होतं. मग तिने मुठीच्या पुढच्या बाजूवरून अंगठा खालून वर एकदाच फिरवला आणि पिस्तूल टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवून दिलं. शेजारी पडलेल्या भिंगाला तिने हातही लावला नाही.

"आमचंच आहे," ती म्हणाली.

"तेच तर मी घसा फोडून सांगत होतो!" डॉक्टर ऑम्डाल उसळून म्हणाले. "ऐकतंय कोण?"

"बसा आधी. आणि ती टोपी काढा. छपराखाली आहात."

डॉक्टरांनी टोपी काढली. रॉयस ऑम्डाल जनावरांचे डॉक्टर. नेब्रास्काच्या या टोकाला, प्लॅट नदीच्या दोन्ही काठांवर, चाळीस वर्षं त्यांनी गायी अडल्या की रात्री-अपरात्री धाव घेतली होती. आता निवृत्त होते आणि त्यांचा सगळा जीव एका तिजोरीत होता. तिजोरीत एकतीस जुनी पिस्तुलं. त्यातली तीस कारखान्यातून निघाली तशीच. त्यांच्यावरचा डागसुद्धा ते कुणाला पुसू देत नसत. एकतिसावं मात्र हे होतं. मूळचं एकोणीसशे अडतीस सालचं, पंचेचाळीस कॅलिबरचं, आणि नंतर अर्डिसच्या नवऱ्याकडून, वेंडेल केसलरकडून मुद्दाम घडवून घेतलेलं. नळी नव्याने बसवलेली, चापाची ओढ हलकी केलेली, सगळ्या कडा हाताला लागणार नाहीत अशा मऊ केलेल्या. आणि मुठीवर कानशीने कातलेली बारीक जाळी, इंचाला तीस रेघा. त्यासाठी डॉक्टर अडीच वर्षं रांगेत थांबले होते. पाहुणे आले की ते तीस पिस्तुलं दाखवत आणि हे शेवटी, स्वतःच्या हाताने, कापड उलगडून.

"झालं काय, ते नीट सांगा," अर्डिस म्हणाली.

शनिवारी डेन्व्हरला संग्राहकांचं प्रदर्शन होतं. तिथे हॉलिस ब्रँट नावाचा परीक्षक आला होता. त्याने पिस्तूल उचललं, पावतीवरचं साल पाहिलं, चौऱ्याण्णव, आणि मान हलवली. वेंडेल केसलरचे हात एक्क्याण्णवपासून कापत होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ब्याण्णवच्या एका सभेची चित्रफीत त्याने पाहिली होती. तिच्यात वेंडेलला कॉफीचा कप धरायला दोन्ही हात लागत होते, तरी कॉफी बशीत सांडत होती.

"सगळ्यांदेखत म्हणाला," डॉक्टर म्हणाले, "की ज्याला कप धरता येत नाही त्याने ही जाळी कातली? डॉक्टर, तुम्हाला कुणीतरी गंडवलंय. मला म्हणतो! मी इथे, या टेबलाशी उभा राहून हे वेंडेलच्या हातून घेतलंय. आणि त्या ब्रँटने हे प्रदर्शनाच्या टेबलावरून काढून ठेवलं. आणि हे एवढ्यावर थांबायचं नाही, अर्डिस. एक्क्याण्णवनंतर इथून जेवढी पिस्तुलं गेली ती सगळी आता संशयात. लोक म्हणतील, वेंडेल दुसऱ्यांच्या मालावर आपलं नाव ठोकत होता. मेलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. टाइप करून आणला होता. कै. वेंडेल केसलर यांची पत्नी या नात्याने मी लिहून देते की या पिस्तुलावरील सर्व काम माझ्या पतीने स्वतःच्या हाताने केलेले आहे.

"खाली सही करा फक्त. बाकी त्या ब्रँटचं मी बघतो."

अर्डिसने चष्मा लावून कागद वाचला. बाहेर रस्त्यावरून साखरेचं बीट भरलेला ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. ती बहात्तर वर्षांची होती. वेंडेलला जाऊन चार वर्षं झाली होती. कागद चांगला लिहिला होता. त्यातला एकच शब्द खोटा होता.

तिला एक्क्याण्णवची ती थंडी आठवली. वेंडेल शेगड्याशी, काम आवळून धरायच्या लोखंडी पकडीशी, बसला होता आणि कानस घसरली. गिऱ्हाइकाच्या पिस्तुलावर नखाएवढा ओरखडा. कानस ठेवली, बाहेर गेला आणि गाडीवरचं बर्फ खरवडू लागला. गाडीवर बर्फ नव्हतंच. त्या वेळी अर्डिस गावातल्या दातांच्या टोप्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर भिंग लावून टोप्या घासायची. तो आत आल्यावर ती म्हणाली होती, "दे इकडे."

"अगं, हे पोलाद आहे. दात नाही."

"दात जास्त कठीण असतो. विचार कुणालाही."

सात महिने ती पोलादाच्या टाकाऊ तुकड्यांवर रेघा मारत राहिली. वेंडेल रोज तुकडा बघायचा आणि डब्यात टाकायचा. तो गोड बोलणारा माणूस नव्हता. एके दिवशी त्याने तुकडा भिंगाखाली बराच वेळ धरला, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला, आणि गिऱ्हाइकाचं पिस्तूल तिच्यासमोरच्या शेगड्यात आवळलं. लग्नात अंगठी घालताना तिची छाती एवढी धडधडली नव्हती.

अर्डिसने कागदाची घडी घातली आणि डॉक्टरांकडे सरकवली.

"यावर सही नाही होणार माझ्याकडून."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे... ब्रँट म्हणतो ते खरं? बनावट आहे?"

"बनावट?" तिचा आवाज एकदम चढला. "बनावट कशाला म्हणता हो? नळी वेंडेलची, चाप वेंडेलचा, यंत्रावरचं सगळं काम त्याचं. हात कापायचे तरी यंत्राशी उभा राहिला की त्याच्यासारखा तोच. जाळी माझी आहे."

"तुमची."

"माझी. एक्क्याण्णवनंतरची प्रत्येक."

डॉक्टर सावकाश, आजारी गायीच्या मालकाशी बोलावं तसं, म्हणाले, "अर्डिस, वेंडेलचं नाव राखायला तुम्ही काहीही म्हणाल, हे मला समजतं. पण मी हे घेऊन ब्रँटकडे गेलो तर तो हसेल."

अर्डिस उठली. तिने खणातून पोलादाची बोटभर पट्टी काढली, शेगड्यात आवळली, दिवा जवळ ओढला आणि भिंगाचा पट्टा डोक्यावर चढवला. "कॉफी तिकडे आहे," ती म्हणाली. "स्वतः ओतून घ्या. आणि मध्ये बोलू नका."

डॉक्टरांनी कॉफी ओतली, पण प्यायली नाही. पहिल्या काही रेघांना ते खुर्चीत होते. मग उभे राहिले. मग तिच्या खांद्यामागे आले. कानस पुढे जायची, उचलली जायची, परत यायची. प्रत्येक वेळी तेवढीच, तेवढ्याच ओझ्याने. आडव्या रेघा झाल्या. तिरप्या झाल्या. मग ती तिकोनी कानस घेऊन एकेक टोक उभं करू लागली. पोलादाची पूड तिच्या बोटांवर चमकत होती. पाऊण तासाने तिने पट्टी सोडवली, फडक्याने पुसली आणि पिस्तुलाशेजारी ठेवली.

डॉक्टरांनी भिंग उचललं. पट्टी पाहिली, पिस्तूल पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली. अंगठा एकीवर फिरवला, दुसऱ्यावर फिरवला. मग खुर्चीत बसले. भिंग हातातच राहिलं.

"त्याने सांगितलं होतं मला," ते म्हणाले.

"कोणी?"

"वेंडेलने. चौऱ्याण्णवला. मी न्यायला आलो, जाळी पाहिली आणि म्हटलं, वेंडेल, लेका, हे हात कुठून आणलेस? तर म्हणाला, ते हात आतल्या खोलीत खिम्याचा पाव, रन्झा, खातायत. बोलव आणि आभार मान." डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "मी हसलो. खूप हसलो. बायकोच्या कौतुकात काय पण बोलतो, म्हटलं. तीस वर्षं मी हा विनोद जेवणाच्या टेबलावर सांगतोय, अर्डिस."

"सगळ्यांनाच सांगायचा तो," अर्डिस म्हणाली. "एकूण एक गिऱ्हाइकाला. सगळेच हसायचे."

"तुम्हाला ऐकू आलं होतं? माझं हसणं?"

"पातळ भिंत आहे ती."

"मग बाहेर का नाही आलात?"

अर्डिसने बोटांवरची पूड फडक्याला पुसली.

"तोंडात घास होता," ती म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी आपला टाइप केलेला कागद उलटा केला, कोरी बाजू तिच्यापुढे ठेवली आणि खिशातलं पेन काढून दिलं. तिने लिहिलं. फार लिहिलं नाही. नळी कोणाची, चाप कोणाचा, जाळी कोणाची, एवढंच. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. आणि त्याखाली आणखी एक ओळ: ज्यांना शंका असेल त्यांनी आपलं पिस्तूल घेऊन इथे यावं, कॉफी मिळेल.

डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि टोपी हातात फिरवत विचारलं, "आता लोकांनी विचारलं, की हे पिस्तूल कुणाचं, तर मी काय सांगू?"

"केसलरचं सांगा. आत्तापर्यंत काय सांगत होतात?"

"पण..."

"माझं आडनाव काय वेगळं आहे का, डॉक्टर?"

त्यांनी मान हलवली, कागद छातीशी धरला आणि बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. फाटकापर्यंत गेली, थांबली आणि मागे आली. डॉक्टर धापा टाकत दारात उभे राहिले.

"बघा! कागद घेऊन निघालो आणि पिस्तूल इथेच!"

अर्डिस खिडकीशी उभी होती. पिस्तूल तिने उजेडात धरलं होतं आणि डोळ्याला भिंग लावलं होतं. गिऱ्हाइकाकडे गेलेलं काम पुन्हा बघायला मिळत नाही. हे तिने तीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं होतं. ती सगळ्यात वरच्या रांगेपासून खाली येत होती, एकेक टोक, सावकाश.

डॉक्टरांनी हात पुढे केला.

"थांबा जरा," ती मान न वळवता म्हणाली. "माझं बघून व्हायचंय अजून."