कात्रीने दिलेला शब्द

चिंध्यांच्या टोपलीत येऊन बसली, म्हणून कुत्र्याच्या पिल्लाचं नाव चिंधी पडलं. कुणाचा हात पुढे आला की ती भिंतीला चिकटून थरथर कापे. ताई घरीच कपडे शिवायच्या. त्यांच्या धाकट्या भावाने साफ सांगून टाकलं, "रविवारपर्यंत गळ्यात पट्टा बसला तर राहील, नाहीतर सोमवारी प्राण्यांच्या निवाऱ्यात नेऊन सोडणार. धरून बांध ना एकदाचा!"

"धरून पट्टा बसेल रे, भीती नाही जायची."

ताईंनी आपली रीत ठरवली. चिंधीने हाताकडे नुसतं पाहिलं तरी कात्री एकदा कच्च वाजवायची आणि सेकंदाच्या आत उकडलेल्या अंड्याचा कण द्यायचा. कच्च झालं की खाऊ, यात एकदाही खोट नाही. चौथ्या दिवशी चिंधी बोटाला नाक लावून गेली.

चूक कळली ती शाळेचे गणवेश बेतायला बसल्यावर. कात्री तीच होती. कच्च, चिंधी हजर. कच्च, पुन्हा हजर. शब्द मोडवेना, म्हणून ताई देत गेल्या. एका बाहीत दोन अंडी संपली.

"कुत्रं पाळलंयस का जावई?" भाऊ म्हणाला.

रविवार उजाडला. गणवेश सोमवारी द्यायचे होते आणि चिंधी अजून मानेला हात लावू देत नव्हती. शेवटी भावानेच कापड उचललं. "आण ती कात्री. खडूच्या रेघेवरून कापायला काय अक्कल लागते?" चिंधी मध्ये येऊ नये म्हणून तो आतल्या खोलीत गेला, पण दाराला कडी घालायला विसरला.

कच्च.

ताई उठेपर्यंत चिंधी आत पोचलीही होती. भावासमोर बसून ती त्याच्या हाताकडे टक लावून पाहत होती.

"ताई, अगं, हिला काहीतरी दे! माझ्याकडे काही नाही!"

"कात्री कुणी वाजवली?"

त्याने खिसे चाचपले. अर्धं बिस्कीट निघालं. तळहातावर ठेवून त्याने हात जमिनीला टेकवला आणि मान फिरवून बसला, जणू त्यालाच भीती वाटत होती. चिंधीने बिस्कीट खाल्लं, तळहात चाटला आणि हनुवटी तिथेच टेकवली. त्याचं एक बोट हळूच तिच्या कानामागे गेलं. ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने तो कुजबुजला, "पट्टा आण. आणि बिस्किटं." मग म्हणाला, "बाही थोडी वाकडी झालीय."